वाडीवरच्या विज्ञानाला पैसा द्या

खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत १९१५ साली टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर साठवलेले पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांनी खाली आणायचे, त्यावर जनित्रे फिरवायची आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, असे ते त्या काळातले अचाट काम होते. सात वर्षांनी शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचे केंद्र उभे राहिले. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने ‘कर्जत-१८४’, ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ असे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले. पाताळगंगेच्या काठाने रसायनीची कारखानदारी वाढली. शंभर वर्षांहून अधिक काळ विज्ञान या दोन तालुक्यांच्या अंगणात नांदते आहे. इथल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या मुलांना मात्र पाठ्यपुस्तकाबाहेरचे विज्ञान भेटते ते कुणी कार्यकर्ता सुटीच्या दिवशी भिंग, लोहचुंबक, सेल आणि बाटल्यांची पिशवी घेऊन वाट चढून आला तरच.

हा कार्यकर्ता कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी महाविद्यालयात शिकणारी तरुणी, कधी एखाद्या छोट्या संस्थेचा पूर्णवेळ सेवक. सरकारी कागदात त्याला पद नाही. प्रवासखर्च तो खिशातून करतो, साहित्य पदरमोड करून आणतो आणि दोन-तीन वर्षांनी, संसाराचा भार वाढला की, काम सोडतो. वाडीवरचा प्रयोगांचा वर्ग तिथेच थांबतो. विज्ञानशिक्षणाच्या नावाने सरकार आणि कंपन्या खर्च करत असलेल्या पैशातला ठरावीक वाटा या माणसाच्या मानधनासाठी राखून ठेवा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

या मागणीमागे सोपे कारण आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. मुलांच्या प्रयोगांनी तो डोंगर थांबला असता, असा दावा कुणीही करणार नाही. पण धोक्याच्या याद्या दूरच्या कार्यालयांत तयार होतात आणि पाऊस वाडीवर पडतो. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली, एक पट्टी आणि एक वही एवढ्यावर पर्जन्यमापक तयार होतो. रोज सकाळी पाऊस मोजणारी, जमिनीला पडलेली भेग आणि अचानक गढूळ झालेला झरा वहीत टिपणारी मुले प्रत्येक डोंगरवाडीवर असायला हवीत. तो त्यांच्या विज्ञानाचा पहिला धडा ठरेल आणि प्रशासनालाही त्या नोंदींचा उपयोग होईल.

हीच गोष्ट सर्पदंशाची. भातलावणीच्या दिवसांत साप चावला तर भगताकडे जायचे की रुग्णालयात, याचा निर्णय घरात काही मिनिटांत होतो. त्या वेळी सापाचे विष शरीरात काय करते हे समजलेले एक मूल घरात असले, तर निर्णय बदलू शकतो. याच रायगड जिल्ह्यात महाडला राहून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचाराचे संशोधन केले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली. रायगडच्या अंतर्भागात राहूनही अव्वल दर्जाचे विज्ञान करता येते, हे त्यांनी दाखवले आहे. त्यासाठी प्रश्न विचारण्याची सवय मात्र लहानपणी लागावी लागते.

मग पैसा कुठे जातो? केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. योजना चांगली आहे. पण ती सहावीच्या पुढच्या मुलांसाठी आहे आणि तिला मोठी खोली, वीज, इंटरनेट आणि विज्ञानाचा शिक्षक लागतो. वाडीवरची चौथी-पाचवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा या चौकटीत बसत नाही. इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात. अर्ज मात्र शाळेनेच करायचा असतो. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर गेलेल्या कातकरी मुलाचे नाव त्या अर्जात येणार कसे? खासदार आणि आमदारांचा स्थानिक विकास निधी मुख्यतः टिकाऊ मालमत्तेसाठी असतो. त्यातून खोली बांधता येते, खोलीत शिकवणाऱ्याला मानधन देता येत नाही. विज्ञानाच्या लोकप्रसारासाठी १९८९ साली उभारलेली ‘विज्ञान प्रसार’ ही संस्थाही केंद्राने २०२३ मध्ये बंद केली.

कर्जत-खालापूरची आणखी एक अडचण आहे. इथे आदिवासींची वस्ती मोठी असली तरी रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे पालघर, नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या ग्रामसभांना पेसा कायद्याखाली मिळणारा अबंध निधी इथल्या वाड्यांना मिळत नाही. म्हणून दुसरी दारे ठोठावावी लागतील. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे न्यूक्लिअस बजेट योजना असते, ती स्थानिक गरजेच्या कामांसाठीच आहे. कातकरी हा विशेष दुर्बल आदिवासी समूह असल्याने २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातली बहुउद्देशीय केंद्रे विज्ञानवर्गांसाठी वापरता येतील. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी वेगळी तरतूद असते. अलिबागच्या जिल्हा नियोजन समितीने त्यातून ‘वाडी विज्ञान कार्यकर्ता’ असे एक शीर्ष उघडावे. जिल्ह्याच्या पातळीवर हा निर्णय होऊ शकतो.

सगळ्यात मोठी शक्यता मात्र कारखान्यांकडे आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. हा खर्च करताना कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. खोपोली, रसायनी, पाताळगंगा पट्ट्यात कारखाने शेकड्यांनी आहेत. त्यांच्या धुराचा आणि सांडपाण्याचा भार ज्या गावांनी सोसला, त्या गावांच्या मुलांना त्या रसायनांचे शास्त्र शिकवणे हे त्या कारखान्यांचे पहिले कर्तव्य आहे. पण कंपन्यांना आवडतो तो नामफलक लावता येईल असा खर्च: संगणक, कपाट, रंगवलेली भिंत. नियमांत बहुवर्षीय प्रकल्पाची सोय असताना माणसाच्या तीन वर्षांच्या मानधनाची हमी क्वचितच कुणी देते.

ही हमी किती रुपयांची? दोन तालुक्यांत मिळून २० अर्धवेळ कार्यकर्ते धरा. प्रत्येकाने आठवड्यातून तीन वाड्यांवर वर्ग घेतला तर ६० वाड्या होतात. महिना १२,००० रुपये मानधन धरले तर वर्षाला २८ लाख ८० हजार. प्रवासाला दरमहा २,००० रुपये, म्हणजे ४ लाख ८० हजार. साहित्याला प्रत्येकी २०,०००, म्हणजे ४ लाख. दोन तालुका समन्वयकांचे महिना २५,००० प्रमाणे ६ लाख. एकूण ४३ लाख ६० हजार रुपये. सरासरी २२ कोटी नफा असलेल्या एकाच कंपनीचे दोन टक्के म्हणजे ४४ लाख होतात. ६० वाड्यांचा वर्षभराचा खर्च एवढाच आहे. तो दहा कंपन्यांनी आणि जिल्हा नियोजन समितीने वाटून घेतला, तर कुणावरही भार पडणार नाही.

साहित्याची आणि प्रशिक्षणाची उणीव महाराष्ट्राला मुळीच नाही. १९७४ साली सुरू झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे आणि कर्जतहून लोकलने तिथे पोहोचता येते. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी आणि शेकडो पुस्तके इंटरनेटवर फुकट आहेत, त्यांत मराठी पुस्तकांचा साठा मोठा आहे. १९६६ साली स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद, वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राची फिरती प्रदर्शने, ‘शैक्षणिक संदर्भ’सारखे द्वैमासिक, गावोगाव बसमधून प्रयोगशाळा नेणारी पुण्याची विज्ञानवाहिनी, हे सगळे हाकेच्या अंतरावर आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावची मुले गावाला लागणाऱ्या वस्तू करता करता विज्ञान शिकू शकतात हे सिद्ध केले. कर्जत तालुक्यातच कशेळे येथे अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासींबरोबर धान्यबँका आणि वनौषधींचे काम उभे केले. रानातल्या वनस्पतींची इथल्या आजीला असलेली ओळख हा वाडीवरच्या जीवशास्त्राचा पाया होऊ शकतो. ही शिदोरी वाडीपर्यंत वाहून नेणारा माणूस तेवढा हवा.

पैशाचा स्रोत एकच असला की काय होते, याचे धडेही समोर आहेत. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला होता. सरकारच्या एका निर्णयाने २००२ मध्ये तो बंद पडला. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनने शाळेबाहेरच्या विज्ञानशिक्षणासाठी वेगळा अनुदान कार्यक्रम चालवला, पण २०२५ मध्ये तिथे विज्ञानशिक्षणाची अनेक अनुदाने मध्येच रद्द झाली. याउलट केरळ शास्त्र साहित्य परिषद १९६२ पासून उभी आहे, कारण तिचा मोठा आधार स्वतःच्या पुस्तकांची विक्री आणि हजारो सभासद हा आहे. कर्जत-खालापूरने हे लक्षात ठेवावे. सरकार, कारखाने आणि गावकरी अशा तीन खांबांवर हा निधी उभा राहिला, तर एक खांब डळमळला तरी वर्ग चालू राहतील.

मानधन दिले की सेवाभाव संपतो, अशी शंका काढली जाते. आशा सेविकांनी मानधनासाठी आंदोलने केली आणि कोविडच्या साथीत त्याच घरोघर गेल्या. सेवाभाव आणि मोबदला एकत्र नांदतात याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. विज्ञान कार्यकर्ते मिळाले की सरकार शिक्षकांच्या रिक्त जागा भरणार नाही, ही भीती खरी आहे. म्हणून हे काम शाळेच्या वेळेबाहेरचे, शिक्षकाला पूरक आणि भट्टीवर गेलेल्या मुलांपर्यंतही पोहोचणारे असेल, हे योजनेच्या पहिल्याच ओळीत लिहिले पाहिजे.

कार्यकर्त्यांनाही आमचे सांगणे आहे. एकेकट्याने अर्ज करू नका. कंपन्यांचा निधी हवा असेल तर नोंदणीकृत संस्था, प्राप्तिकराची १२-ए आणि ८०-जी नोंदणी, सीएसआर-१ अर्ज आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. सरकारी अनुदानासाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देता येत नाही, त्यामुळे मुंबईची मोठी संस्था तो पैसा तुमच्याकडे वळवू शकणार नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही तालुक्यांतल्या गटांनी मिळून एक जुनी, विश्वासाची संस्था किंवा महाविद्यालय पुढे करावे आणि हिशेब एकाच ठिकाणी ठेवावा. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी उन्नत भारत अभियान आणि राष्ट्रीय सेवा योजनेतून विद्यार्थी द्यावेत. प्रत्येक वर्गाची तारीख, हजेरी, केलेला प्रयोग आणि मुलांनी विचारलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. निधी देणाऱ्यासमोर ठेवायला याहून चांगला अहवाल नाही.

जिल्हा नियोजन समितीने पुढच्या वार्षिक आराखड्यात या कामासाठी तरतूद करावी. खोपोली-रसायनीच्या कारखान्यांनी एकत्र बसून तीन वर्षांची लेखी हमी द्यावी. दोन्ही तालुक्यांच्या आमदारांनी त्यासाठी बैठक बोलवावी, आणि वाचकहो, आपल्या गावातून वाडीवर जाणारा असा कार्यकर्ता तुम्हाला माहीत असेल, तर या महिन्याचा त्याचा प्रवासखर्च तुम्ही उचला.