आकडा कुठे कुठे लिहून ठेवला आहे?

कसबा पेठेत पत्ता सांगताना घरनंबर शेवटी येतो, आला तर. आधी कसबा गणपती, तिथून तांबट आळी किंवा कुंभारवाडा, मग अमक्यांचा वाडा. वाडा पाडून इमारत झाली तरी पाहुणा चुकत नाही, कारण तो नाव विचारत येतो.

त्याच वाड्यांच्या पुनर्विकासाने सर्व्हर सांभाळण्याच्या आपल्या व्यवसायापुढे एक काम आणून ठेवले आहे. कार्यालय हलले की इंटरनेटची लाइन बदलते आणि लाइनबरोबर स्टॅटिक आयपीही बदलतो. सर्व्हर भाड्याचा असला तरी होस्टिंग कंपनी बदलताच हीच वेळ येते. आपण मात्र या कामाला डीएनएसमधली एक ओळ बदलण्याइतके सोपे समजतो.

मीही समजलो होतो. साइट ठरल्या रात्री नव्या आयपीवर दिसू लागली आणि आम्ही निर्धास्त घरी गेलो. सकाळी ग्राहकांचे पैसे भरले जाईनात. पेमेंट गेटवेच्या परवानगीच्या यादीत जुनाच आयपी होता आणि नवा नोंदवायला सहीशिक्क्याचे पत्र लागत होते. त्यात दोन दिवस गेले. सर्व्हर बिनचूक होता. आमच्या आयपीचा आकडा आणखी कुणाकडे लिहिलेला आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते.

म्हणून पहिले काम यादीचे. सर्व्हरवरच्या सेटिंग्जमध्ये आणि कोडमध्ये जुना आयपी ग्रेपने शोधा. अपाचेचा व्हर्च्युअल होस्ट, एनजिंक्सची लिसन ओळ, होस्ट्स फाइल, फायरवॉल, डेटाबेसमधले युजरचे हक्क, बॅकअपची स्क्रिप्ट: एकही जागा सोडू नका. मग बाहेरच्या नोंदी: बँक, एसएमएस सेवा, ग्राहकाचे फायरवॉल, मेलसाठीची एसपीएफ नोंद. उलटी, म्हणजे पीटीआर नोंद आयपी देणाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते; ती राहिली तर तुमची मेल स्पॅममध्ये जाऊ लागते. डोमेनच्या खात्याचा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या मेलवर तर नाही ना, हेही आजच पाहा.

दुसरे काम टीटीएलचे. तो ८६,४०० सेकंद असेल तर जुने उत्तर लोकांच्या रिझॉल्व्हरमध्ये पूर्ण दिवस राहू शकते. बदलाच्या किमान दोन दिवस आधी तो ३०० वर आणा. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी घालून लॉगिनपासून पावतीपर्यंत सारे तपासा. मुहूर्त गणेशोत्सवातला नको. मिरवणुकीसाठी रस्ते बंद असताना लाइन दुरुस्त करणारा माणूस पेठेत पोचणार कसा?

तिसरे काम धीराचे. जुना आणि नवा, दोन्ही आयपी काही दिवस सोबत चालू ठेवा. डेटाबेस मात्र एकच असू द्या आणि जुन्या आयपीवर आलेली विनंती नव्याकडे पाठवा. इंटरनेटच्या मुळाशी असलेल्या १३ रूट सर्व्हरच्या नावांपैकी 'जे'चा आयपी २००२ मध्ये बदलला. तेरा वर्षांनंतरही जुन्या आयपीवर विचारणा येतच होत्या. आपण इतकी वर्षे थांबू शकत नाही, पण जुन्या आयपीचा लॉग शांत होईपर्यंत थांबू शकतो. जुना आयपी परत करण्याआधी त्याच्याकडे बोट दाखवणारी प्रत्येक डीएनएस नोंद काढा. एखादे विसरलेले सबडोमेन राहिले, तर उद्या त्या आयपीवर येणारा अनोळखी सर्व्हर तुमच्या नावाने बोलेल.

सेटिंग्जमध्ये आकड्याऐवजी नाव लिहा, हा आग्रह ब्रायन कार्पेंटर आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९६ मध्ये आरएफसी १९०० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात धरला होता. २०१० मध्ये आरएफसी ५८८७ ला पुन्हा सांगावे लागले की आयपी बदलणे सोपे करण्याचे काम अपुरेच आहे. आपल्याकडेही ते अपुरे आहे, कारण घाईत आकडा टाकणे सोपे जाते आणि त्याची किंमत पुढच्या माणसाला मोजावी लागते.

म्हणून आमची विनंती: बदल ठरलेला नसला तरी या महिन्यात एक दुपार काढा आणि यादी करा. जिथे नाव चालेल तिथे नाव घाला. जिथे आकडाच लागतो, तिथे तो कुणाकडे नोंदला आहे आणि बदलायला किती दिवस लागतात, हे लिहून ठेवा. तो कागद तुमच्यानंतर त्या खुर्चीत बसणाऱ्याला सापडेल अशा जागी ठेवा.