वाण, वाढ आणि स्तनाचा कर्करोग



या सदरात आपण बहुधा पिकांच्या रोगांविषयी बोलतो. आज घरातल्या माउलीच्या एका रोगाविषयी लिहीत आहे. मी डॉक्टर नव्हे. पण आनुवंशिकता आणि वाढीच्या अवस्था हे शेतकी शिक्षणातले दोन मुख्य धडे आहेत, आणि स्तनाचा कर्करोग समजून घ्यायला तेच धडे उपयोगी पडतात. हा रोग एखाद्या घरात आला, की त्या घरच्या मुलींच्या सोयरिकीला बाधा येईल या भीतीने तो लपवला जातो. लपवण्यात जे दिवस जातात, ते रोगाच्या पथ्यावर पडतात.

आधी वाणाचा विचार करू. शरीराच्या पेशींत रोज काही ना काही बिघाड होतो आणि तो दुरुस्त करणारी जनुके आपल्यात असतात. त्यांपैकी बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली आणि बीआरसीए-२ हे १९९५ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागले. यांतले एक जरी सदोष असले तरी दुरुस्ती अपुरी राहते. असा दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे सत्तर जणींना वयाच्या ८० वर्षांपर्यंत हा कर्करोग होतो. बाकीच्यांना होत नाही. हा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि प्रत्येक मुलात वा मुलीत उतरण्याची शक्यता निम्मी असते. तेव्हा घराण्याचा विचार करताना मावशीइतकीच आत्याही मोजावी. सुनेच्या माहेराला बोल लावण्यात अर्थ नाही.

मात्र शंभर रुग्णांमध्ये असा वारसा असलेल्या ५ ते १० जणीच असतात. ‘आमच्या घराण्यात हा रोग नाही’ म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

आता वाढीची अवस्था. ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला तर कणीस भरत नाही. तोच ताण दाणे पक्व झाल्यावर बसला तर फारसे बिघडत नाही. स्तनाचेही काहीसे तसेच आहे. मुलगी वयात येताना त्यातील दुधाच्या नलिका झपाट्याने वाढतात आणि पेशी भराभर विभागतात. पहिले बाळंतपण व अंगावर पाजणे होईपर्यंत त्या पेशी पूर्ण पक्व होत नाहीत. १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी येथे अणुबॉम्ब पडले. त्यातून वाचलेल्या स्त्रियांची पुढे अनेक वर्षे पाहणी झाली. किरणोत्सर्ग तेवढाच, पण त्या वेळी २० वर्षांच्या आत असलेल्या मुलींना पुढे या रोगाचा धोका सर्वांत जास्त वाढला. चाळिशी ओलांडलेल्यांना तो फारच कमी वाढला. (दवाखान्यात छातीचा एखादा फोटो काढतात, त्यातील किरण अगदी अल्प असतात. त्याला भिऊ नये.)

पाळी लवकर सुरू होणे, उशिरा बंद होणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा मूल न होणे, यांनीही धोका थोडा वाढतो. यावरून मुलीचे लग्न लवकर उरकावे असा अर्थ कोणी काढू नये. कोवळ्या वयातील बाळंतपण आई आणि मूल दोघांच्या जिवाला घातक असते. अंगावर पाजणे मात्र सर्वांच्या हातचे आहे. ३० देशांतील ४७ पाहण्या एकत्र करून २००२ साली असे दिसले, की एकूण दर बारा महिन्यांच्या पाजण्यामागे धोका सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतो. पाळी गेल्यानंतर वजन वाढू न देणे आणि दारू-तंबाखू टाळणे हेही आपल्या हातात आहे.

आता काय करावे? एका कागदावर आजी, आई, मावशा, आत्या, बहिणी यांची नावे लिहा. कोणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला आणि कोणत्या वयात, ते पुढे मांडा. पुरुषालाही स्तनाचा कर्करोग क्वचित होतो; झाला असल्यास तोही लिहा. दोघी-तिघी निघाल्या, किंवा एखादीला पन्नाशीच्या आत झाला असेल, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. जनुकांची तपासणी करायची की नाही, ते सांगतील.

वारसा असो वा नसो, तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीने प्राथमिक आरोग्य केंद्रात स्तनाची तपासणी करून घ्यावी. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाख स्त्रियांची वीस वर्षे पाहणी केली. त्यांतील निम्म्या भागात शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. तिथे पन्नाशीपुढच्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले.

स्तनात किंवा काखेत गाठ लागली, कातडी ओढली गेली, बोंड आत गेले किंवा त्यातून रक्त आले, तर सुगी संपण्याची वाट पाहू नका. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी समजू नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आठवडी बाजाराला तालुक्याला जालच, त्याच दिवशी घरातल्या माउलीला दवाखान्यात दाखवून आणा.