मारिओंचे कौतुक आणि आमचे ढोंग

मारिओ मिरांडा यांचा आम्हां ख्रिस्ती समाजाला मोठा अभिमान! १९२६ साली दमणला जन्मलेला, गोव्यातील लोटली गावचा हा व्यंगचित्रकार आपलाच, हे आम्ही पाहुण्यांना आवर्जून सांगतो. त्यांच्या चित्रांचे कप विकत घेतो. मात्र त्या चित्रांतला पुढारी बंडलदास किंवा मेजवानीत मिरवणारी मंडळी आपल्यातलीच आहेत, हे आम्ही कबूल करीत नाही. शाळकरी वयात पाद्र्यांची चित्रे काढून मारिओंनी रोष ओढवून घेतला होता, हेही आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

२०११ साली मारिओ गेले. २०१२ साली मरणोत्तर पद्मविभूषण आले. दिवंगत व्यंगचित्रकारावर प्रेम करणे सोपे असते, कारण तो आता आपले नवे चित्र काढणार नसतो!

आज एखाद्या मुलाने आमच्या फेस्तातली उधळपट्टी किंवा समितीतली खुर्चीची ओढ रेखाटली, तर आम्ही काय करू? घराच्या भिंती रेखाटनांनी भरणाऱ्या लहानग्या मारिओच्या हाती आईने वही दिली होती. आम्ही वही देणार, की आधी त्याच्या आईबापांना बोलावणे धाडणार?