वरच्या दिशेची मर्यादा

यंदा माघात आमच्या मंडळानं शिखरजीला जायचं ठरवलंय. सांबऱ्याहून विमान, वाटेत एकदा बदलायचं, रांचीला उतरायचं, पुढं गाडी. "अक्का, चार दिवसांत घरी परत!" मी म्हटलं, मी आपली रेल्वेनं येते. तर सगळ्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, की मी न गाळलेलं पाणीच प्याले!

आपण पाणी गाळतो, चातुर्मासात पालेभाजी सोडतो, सूर्य मावळायच्या आत जेवतो. दिग्व्रत मात्र पाठशाळेच्या परीक्षेपुरतं. दहाही दिशांना मर्यादा घालून घ्यायची. तिच्याबाहेर आपल्या हातून हिंसा नको, म्हणून. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यातला पहिलाच वरच्या दिशेची मर्यादा ओलांडण्याचा. तेव्हा वर म्हणजे फार तर डोंगर. आज पस्तीस हजार फूट.

विमानाचं एक किलो इंधन जळलं की तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. विमानामागं पांढऱ्या रेघा दिसतात ना, त्याही उष्णता अडवून धरतात. माझा भाचा म्हणतो, "मावशी, जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपासच आहे." असेल. पण तो करतं कोण? जगातली बहुतेक माणसं वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत. २०१८ सालचा हिशेब अभ्यासकांनी मांडला, तर प्रवासी विमानांच्या निम्म्या धुराला जगातली जेमतेम एक टक्का माणसं कारण निघाली. आणि पाऊस लहरी झाला की रोजगार बुडतो तो आपल्या शेतात भांगलायला येणाऱ्या बायकांचा. त्या कधी सांबऱ्याच्या फाटकाच्या आत गेल्यात?

"मग बेळगावचा विकास नको का?" हवा की. २०१४ साली देशात ७४ विमानतळ चालू होते, दहा वर्षांत दीडशेच्या वर गेले. स्वस्त विमानासाठी सरकारनं 'उडान' काढली. महालेखापालांचा २०२३ चा अहवाल सांगतो, पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्यांतले फक्त ११२ तीन वर्षांची मुदत पुरी करू शकले. आणि इकडं कित्तूरवरून धारवाडला जाणारी थेट रेल्वे? तिची आपण अजून वाटच बघतोय. कॉलेजच्या पोरी, गवंडी, भाजीवाल्या जाणार त्या गाडीनं. विमानतळाच्या नव्या इमारतीपुढं फोटो काढणाऱ्यांना हे सुचत नाही.

विमानात पाऊल ठेवू नका, असं मी म्हणत नाही. आई अत्यवस्थ होती तेव्हा मीही विमानानंच गेले, म्हणून ती भेटली. पण मैत्रिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला हैदराबाद, साड्यांना बेंगळुरू? त्याला आपल्याकडं शब्द आहे, अनर्थदंड. स्वाध्यायात आपण तो दर वर्षी वाचतो.

शिखरजीची वंदना सत्तावीस किलोमीटर, तीही पायी. मुनिमहाराज तिथवर महिनोन्‌महिने चालत पोचतात. आपल्याला दोन दिवस गाडीत बसवत नाही!

मंडळात एवढं बोलले, तर दोघी रेल्वेनं यायला तयार झाल्या. तिसरीला मीच विमानानं जा म्हटलं. तिचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत.