लज्जेचें भांडवल

शाळेच्या वार्षिकांत आरोग्यावर लेख येतात, ते बहुधा दांत, डोळे व व्यायाम यांवर. ज्या विषयाची माहिती प्रत्येक मुलीस बाराव्या-तेराव्या वर्षीं हवी असते, त्याविषयीं मात्र आपण सारेच मौन धरतों. कोणी 'कावळा शिवला' म्हणतो, कोणी 'बाहेरची' म्हणतो. सरळ 'मासिक पाळी' म्हणण्याचें धैर्य फार थोड्यांस होतें. या मौनास आपण मर्यादा समजतों. आमच्या मतें ती मर्यादा नसून विकणाऱ्याचें भांडवल आहे.

ज्या वस्तूविषयीं बोलण्याची लाज वाटते, ती वस्तु मनुष्य पारखून घेत नाहीं. वांगीं घेतांना आपण तीं उलटून पाहतों. कापडाचा पोत बोटांनीं चाचपतों. पण पॅडचा पुडा दुकानदार वर्तमानपत्रांत गुंडाळून काळ्या पिशवींत घालून देतो, आणि आपण तो खालीं मान घालून घेतों. आंत काय आहे, त्यांत सुगंध घातला आहे काय, तो आपल्याला मानवेल कीं नाहीं, यांपैकीं एकही प्रश्न कोणी विचारीत नाहीं. अशा गिऱ्हाइकास वाटेल तें विकतां येतें.

इतिहासांत याचे दाखले आहेत. अमेरिकेंत १९२० ते १९४० च्या सुमारास लायसोल हें जंतुनाशक स्त्रियांनीं अंतर्भाग धुण्यासाठीं वापरावें, अशा जाहिराती छापल्या जात. ज्या द्रव्यानें फरशी पुसावयाची, तें शरीरांत घालण्यास स्त्रिया तयार झाल्या. कारण पतीची प्रीति गमावण्याचें भय त्यांना घालण्यांत आलें होतें. पुढें १९८० सालीं त्याच देशांत 'रिलाय' नांवाचे अतिशोषक टॅम्पॉन, टॉक्सिक शॉक या प्राणघातक विकाराशीं त्यांचा संबंध दिसून आल्यामुळें, बाजारांतून परत घ्यावे लागले.

आतां शरीराची रचना पाहूं. योनिमार्गांत लॅक्टोबॅसिलस नांवाचे हितकारी जंतु राहतात. दहीं आंबविणारे जंतु याच कुळांतले. ते आम्ल निर्माण करितात, आणि त्या आम्लामुळें रोगजंतूंस तेथें सहज थारा मिळत नाहीं. म्हणजे अंतर्भाग स्वतःची स्वच्छता स्वतःच राखितो. निर्मात्यानें ही व्यवस्था आधींच करून ठेविली आहे. सुगंधी द्रावणांनीं आंतून धुतल्यास हेच रक्षक नाहींसे होतात व दाह आणि दुर्गंधी उलट वाढते. बाह्यांगास साधें पाणी पुरे. सुगंधी फवारे व पावडरी यांची गरज नाहीं. टाल्कम पावडरींतील टाल्क तर २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गांत घातला आहे. थोडासा पांढरा स्राव निसर्गतःच असतो. त्याचा रंग किंवा वास बदलला, खाज सुटली, तर डॉक्टरांकडे जावें. अत्तराच्या बाटलीकडे नव्हे.

पॅड निवडतांना तो बिनसुगंधी असावा. पुड्यावर भारतीय मानक ५४०५ याचा उल्लेख आहे काय, हें पाहावें. हें मानक २०१९ मध्यें सुधारण्यांत आलें. स्राव कमी असला तरी पॅड चार ते सहा तासांनीं बदलावा. कापडाची घडी वापरणाऱ्या मुलींनीं कमीपणा मानूं नये. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते २४ वर्षांच्या सुमारें निम्म्या स्त्रियांनीं आपण कापड वापरतों असें सांगितलें आहे. दोष कापडाचा नाहीं. तें दुसऱ्या कपड्यांखालीं, काळोखांत, अर्धवट ओलें वाळविण्याचा आहे. स्वच्छ सुती कापड साबणानें धुऊन कडक उन्हांत वाळविलें, तर तें कोणत्याही महागड्या पुड्याच्या तोडीचें आहे. सिलिकोनचा कप कित्येक वर्षें टिकतो. परंतु तो प्रत्येक पाळीच्या आधीं उकळला पाहिजे आणि बारा तासांच्या आंत रिकामा केला पाहिजे. टॅम्पॉन आठ तासांहून अधिक वेळ ठेवूं नये.

किंमत म्हणजे शुद्धता नव्हे. २०१७ सालीं पॅडवर १२ टक्के जीएसटी होता. लोकांनीं तोंड उघडलें, म्हणूनच २०१८ सालीं तो उठला. २०१९ पासून जनऔषधि केंद्रांत 'सुविधा' नांवाचा पॅड एक रुपयास मिळूं लागला. बोलण्यानें काय साधतें, याचें हें उदाहरण.

कांहीं पालक म्हणतील, हा विषय घरचा. मुलगे वाचतात त्या अंकांत तो कशाला? घरीं हा विषय निघता, तर आम्ही लेखणी उचललीच नसती. आणि मुलग्यांनीं तर हें वाचावेंच. वर्गांतील एका मुलाच्या हंसण्यामुळें एखादी मुलगी महिन्याला चार दिवस शाळा चुकविते. तिचा बुडालेला पाठ कोण भरून देणार? शिवाय हेच मुलगे उद्यां पिते होतील, दुकानदार होतील, शौचालयें बांधणारे होतील.

मार्काच्या शुभवर्तमानांत बारा वर्षें रक्तस्रावानें पीडलेल्या एका स्त्रीची कथा आहे. तिनें पुष्कळ वैद्यांच्या हातीं हाल सोसले, आपलें सर्वस्व खर्चिलें, तरी दुखणें वाढतच गेलें. मोशेच्या नियमानें ती अशुद्ध. म्हणून तिनें गर्दींत मागून येऊन प्रभूच्या वस्त्रास चोरून स्पर्श केला. प्रभूनें तिला दूर लोटलें नाहीं. तिनें सर्वांदेखत आपली हकीकत सांगितली, आणि त्यानें तिला 'मुली' म्हणून संबोधिलें. ज्यानें तिला विटाळ मानिला नाहीं, त्याच्या नांवानें चालणाऱ्या शाळेंत तो कोणी कां मानावा?

तेव्हां मातांनीं पहिली पाळी येण्यापूर्वींच मुलीशीं बोलावें. पित्यांनीं दुकानांत जाऊन पुडा उघडपणें मागावा व काळी पिशवी परत करावी. मुलींनीं वापरलेला पॅड कागदांत नीट गुंडाळून कचरापेटींत टाकावा. तो कचरा शेवटीं कोणातरी मनुष्याच्या हातांतून जातो, हें विसरूं नये. शाळांनीं दाराला कडी, नळाला पाणी आणि झांकणाची पेटी द्यावी. यांतलें कांहींच फार खर्चाचें नाहीं. खर्च करावयाची आहे ती थोडी लाज.