दहा विजय, नऊ गुण

2023च्या हंगामात आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने चौदा सामन्यांत 216 गुण केले आणि समोरच्यांना 207 गुण करू दिले. शिल्लक नऊ गुणांची. तेवढ्यावर आपल्या हॉकाइजनी दहा सामने जिंकले आणि बिग टेन या आपल्या लीगच्या पश्चिम विभागाचं विजेतेपदही मिळवलं. हा विषय आपल्या मंडळात निघाला की कोणीतरी हमखास म्हणतं, "अहो, दहा जिंकले ना? मग तक्रार कसली?" हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. तक्रार आहे, आणि ती जिंकण्या-हरण्याच्या पलीकडची आहे.

आधी त्या नऊ गुणांची फोड करते, कारण हिशेबाला पक्के वाचक आपल्याकडे पुष्कळ. पेन स्टेटकडून 31-0, बिग टेनच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून 26-0, सिट्रस बोलमध्ये टेनेसीकडून 35-0. हंगामातल्या तीन तगड्या संघांविरुद्ध एकूण गुण शून्य आणि समोरच्यांचे 92. उरलेल्या अकरा सामन्यांत आपण दहा जिंकलो, आणि त्यातले बरेचसे दमछाक होऊन. नॉर्थवेस्टर्नशी 10-7, इलिनॉयशी 15-13, नेब्रास्काशी 13-10. पश्चिम विभाग त्या वर्षी किती तोळामासा होता, हे सांगायला नको.

या राज्यात नवीन आलेल्यांसाठी थोडं सांगते. आयोवात एनएफएलचा संघ नाही, बेसबॉलचा मोठा संघ नाही, बास्केटबॉलचाही नाही. त्यामुळे शरद ऋतूतला शनिवार कॉलेज फुटबॉलचा, आणि घर एक तर आयोवा सिटीचं किंवा एम्सचं. आपली निम्मी इंजिनिअर मंडळी एम्सला शिकलेली, म्हणून सायक्लोन्सवाले, म्हणजे एम्सच्या आयोवा स्टेटचे पाठीराखे, मंडळात भरपूर. त्यांना 2023च्या आमच्या ऑफेन्सवर हसायला भरपूर मिळालं. किनिक स्टेडियममध्ये पहिलं क्वार्टर संपलं की सगळे प्रेक्षक शेजारच्या बाल रुग्णालयाच्या खिडक्यांकडे वळून हात हलवतात. 2017पासूनचा हा रिवाज. ते पाहिलेल्या माणसाला या संघाविषयी कडू बोलणं जड जातं. मलाही जातं. पण प्रेम आहे म्हणून डोळे मिटायचे, हे मला मान्य नाही.

ऑफेन्सचं काम सोपं करून सांगायचं तर, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं आणि सरकत राहायचं. जमलं नाही तर चौथ्या प्रयत्नाला पंट मारून चेंडू लांब धाडायचा आणि आपल्या डिफेन्सच्या भरवशावर बसायचं. 2023मध्ये आयोवाचा ऑफेन्स सामन्यामागे सरासरी 234.6 यार्ड सरकला. वरच्या श्रेणीत 133 संघ होते, त्यांत हा आकडा शेवटचा. बरं, हे एका वर्षाचं अपघाती दुखणंही नव्हे. आदल्या वर्षी 251.6 यार्डांनिशी 131 संघांत आपण 130वे होतो.

आता दुसरी बाजू, जी मला मनापासून पटते. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ 1999पासून इथे आहेत. त्यांचा खेळ कमी जोखमीचा: चेंडू हातचा घालवायचा नाही, मैदानाची जागा पंटने जिंकायची, डिफेन्सने समोरच्याला चूक करायला लावायची. फिल पार्करसारखा डिफेन्स कोऑर्डिनेटर असताना असं खेळणं शहाणपणाचंच आहे. पार्कर यांना त्याच 2023साठी देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाचं ब्रॉइल्स पारितोषिक मिळालं. ओहायो स्टेटला आणि मिशिगनला मिळतात तसे हायस्कूलचे नामांकित खेळाडू आयोवाला दरवर्षी मिळत नाहीत. मग इथल्या शेतकऱ्यांच्या दणकट पोरांना घडवायचं, ऑफेन्सिव्ह लाइन भक्कम करायची आणि सामना कमी गुणांत खेचायचा. यात लाजण्यासारखं काही नाही. फुटबॉल फक्त लांब लांब पास फेकण्याने सुंदर होतो असं मानणाऱ्यांपैकी मी नाही.

माझं भांडण वेगळं आहे. मुंबईचं क्रिकेट 'खडूस' म्हणून गाजलं. विकेट फेकायची नाही, समोरच्याला काही फुकट द्यायचं नाही. त्या खडूसपणावर मुंबईने 1958-59 ते 1972-73 अशी सलग पंधरा वर्षं रणजी करंडक जिंकला. पण ते खडूस लोक धावा काढत होते! वाडेकर तासन्‌तास उभे राहायचे ते धावफलक हलवण्यासाठी. सावध खेळणं आणि खेळता न येणं यांत फरक आहे, आणि आयोवात तीन वर्षं आपण दुसऱ्याला पहिल्याचं नाव देत होतो. उलट सामना 13-10 असा खेचायचा ठरवला, तर ऑफेन्स जास्तच नेटका हवा. चाळीस गुण करणाऱ्या संघाचे दोन डाव फुकट गेले तरी चालतं. तेरा गुणांवर जगणाऱ्याला एक फर्स्ट डाउन हुकणंही परवडत नाही.

2022चा पहिला सामना आठवा. साउथ डकोटा स्टेटविरुद्ध आपण 7-3 असे जिंकलो. सात गुण म्हटल्यावर एक टचडाउन आणि वरचा एक गुण, असं कोणालाही वाटेल. तसं नव्हतं. एक फील्ड गोल आणि दोन सेफ्टी. म्हणजे चार गुण डिफेन्सने समोरच्याला त्याच्याच एंड झोनमध्ये अडवून मिळवले आणि ऑफेन्सच्या खात्यात तीन. साउथ डकोटा स्टेटने त्या हंगामात खालच्या श्रेणीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, तेव्हा संघ कच्चा नव्हता, हे कबूल. (गंमत म्हणजे त्या दिवशी त्यांचा क्वार्टरबॅक असलेला मार्क ग्रोनोव्स्की 2025मध्ये आपल्याकडेच आला.) पण त्या निकालावर आपण काय केलं? विनोद केले. 'पंटिंग इज विनिंग' लिहिलेले टी-शर्ट अंगात चढवले आणि पंटर टोरी टेलरला डोक्यावर घेतलं. तो त्या कौतुकाला पात्र होता, प्रश्नच नाही. मेलबर्नहून आलेल्या या मुलाने 2023मध्ये 93 पंट मारले, 4,479 यार्ड. 1938पासून उभा असलेला एका हंगामाचा राष्ट्रीय विक्रम त्याने मोडला. फक्त हा विक्रम मोडायला ऑफेन्सने 93 वेळा हात टेकावे लागतात, हे आपण टाळ्या वाजवताना विसरलो.

ऑक्टोबर 2023मधला मिनेसोटाचा सामना तर मंडळात आजही पेटतो. आपल्या कूपर डीजीनने शेवटच्या दोन मिनिटांत पंट पकडून थेट टचडाउन गाठलं आणि पंचांनी ते रद्द केलं, कारण त्याने हाताने केलेली हालचाल अवैध फेअर कॅचच्या ('पकडून पळणार नाही' अशा) खुणेत मोडली. आपण 12-10 हरलो. पंचांना शिव्या घालण्यात मीही मागे नव्हते. पण त्याच सामन्याच्या उत्तरार्धात आपल्या ऑफेन्सने किती यार्ड कमावले? बारा. अख्ख्या उत्तरार्धात बारा यार्ड. स्टेडियममधल्या लोकांनी प्रसाधनगृहापर्यंत जाताना याहून जास्त अंतर कापलं असेल. त्याआधी पेन स्टेटविरुद्ध संपूर्ण सामन्यात 76 यार्ड आणि चार फर्स्ट डाउन. पंचांचा निर्णय चूक की बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा, एका हाताच्या हालचालीवर सामना का अवलंबून राहिला, हे विचारायला हवं होतं.

दुखापतींचं कारण दिलं जातं. ते खोटं नाही. मिशिगनहून आलेला क्वार्टरबॅक केड मॅकनमारा सप्टेंबरअखेरीस गुडघा जायबंदी होऊन बाहेर गेला, ल्यूक लेकी आणि एरिक ऑल हे दोन्ही टाइट एंडही गेले. डीकन हिल या राखीव क्वार्टरबॅकवर सगळा भार आला, आणि त्याच्यावर किनिकमध्ये झालेली हुर्यो मला तेव्हाही आवडली नव्हती. पण मग 2022चं काय? त्या वर्षी टाइट एंड सॅम लापोर्टा आपल्याकडे होता. आयोवासाठी त्याने अख्ख्या हंगामात एक टचडाउन पास पकडला. पुढच्याच वर्षी डेट्रॉइट लायन्सकडून, जगातल्या सर्वांत कठीण स्पर्धेत, नवखा खेळाडू म्हणून त्याने 86 पास आणि दहा टचडाउन पकडले. 86 हा त्या वेळी एनएफएलमधल्या नवख्या टाइट एंडचा विक्रम होता. माणूस तोच, हात तेच. तेव्हा 'आपल्याकडे तसे खेळाडू येत नाहीत' हे पालुपद कोणी माझ्यासमोर आळवू नये. येतात. त्यांचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

कळायला हवं होतं ब्रायन फेरेंट्झ यांना. ते 2017पासून ऑफेन्स कोऑर्डिनेटर, आणि कर्क फेरेंट्झ यांचे चिरंजीव. विद्यापीठाच्या नियमानुसार बापाला मुलाचा वरिष्ठ होता येत नाही, म्हणून कागदावर ब्रायन यांचे वरिष्ठ होते क्रीडा संचालक गॅरी बार्टा. सहकारी कारखान्यांपासून विधानसभेपर्यंत घराणेशाही बघत वाढलेल्या आपल्या लोकांना या व्यवस्थेत नवीन काही वाटणार नाही. कागद एक सांगतो, मैदानाच्या कडेला वेगळं दिसतं. ब्रायन नालायक होते असं मात्र मी म्हणणार नाही. 2017मध्ये ओहायो स्टेटला किनिकवर 55-24 असं लोळवलं, तो ऑफेन्स त्यांचाच. टी. जे. हॉकेन्सन आणि नोआ फँट हे दोन टाइट एंड 2019च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच फेरीत उचलले गेले, तेही त्यांच्याच हाताखाली खेळलेले. पण 2021पासून घसरण सुरू झाली. दुसरा कोणी त्या खुर्चीत असता तर 2022 संपताच त्याला नारळ मिळाला असता.

इथे नारळाऐवजी नवा करार मिळाला. फेब्रुवारी 2023मध्ये पगार पन्नास हजारांनी कमी करून साडेआठ लाख डॉलर केला आणि अट घातली: संघाने किमान सात सामने जिंकावेत आणि सामन्यामागे सरासरी 25 गुण करावेत. तेरा सामने धरले तर 325. मग काय, राज्यभर लोक दर शनिवारी 325ची बेरीज मांडून बसू लागले. या अटीची मेख अशी, की गुण कोणाचेही चालणार होते. डिफेन्सने पास हिसकावून टचडाउन केलं, पंट परतवताना टचडाउन झालं, तरी ते ब्रायन यांच्या हिशेबात. 2022च्या म्युझिक सिटी बोलमध्ये केंटकीला 21-0 हरवलं, तेव्हा त्यांतली दोन टचडाउन डिफेन्सनेच केली होती. असं असूनही ही अट! ऑफेन्सच्या कामगिरीचं माप डिफेन्सच्या घामातून भरायची सोय कराराने करून ठेवली. आणि एवढी सवलत असूनही सरासरी आली 15.4.

बार्टा त्याच 2023च्या 1 ऑगस्टला निवृत्त झाले. त्यांच्या जागी हंगामी आलेल्या बेथ गेट्झ यांनी 30 ऑक्टोबरला जाहीर केलं, की हंगाम संपल्यावर ब्रायन परत येणार नाहीत. हंगामाच्या मध्यावर जाहीर करायला नको होतं, असं पुष्कळांना वाटलं. मला वाटतं, उशीर झाला होता तो एका वर्षाचा, काही आठवडे लवकर केल्याचा बाऊ कशाला?

2024मध्ये ब्रायन यांच्या जागी टिम लेस्टर आले. मुख्य प्रशिक्षक तेच, चेंडू घेऊन धावण्यावरचा भर तोच, डिफेन्सवरचा विश्वासही तोच. सरासरी 27.7 गुणांवर गेली. केलेब जॉन्सन 1,537 यार्ड धावला आणि त्याने धावत 21 टचडाउन केले. हाच जॉन्सन 2023मध्येही याच संघात होता, तेव्हा 463 यार्ड. दुखापतीने काही सामने हुकले होते, ते वजा केले तरी तफावत उरतेच. विस्कॉन्सिनविरुद्ध 42, वॉशिंग्टनविरुद्ध 40. म्हणजे फेरेंट्झ पद्धत बदलावी लागली नाही. ती चालवणारा माणूस बदलावा लागला.

आता आमच्या विरोधकांचं हुकमी पान: "पण 2024मध्ये आठच जिंकले की!" हो, 8-5. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. 2024मध्ये बिग टेन अठरा संघांची झाली, विभाग गेले आणि पश्चिम विभागाची ती सावलीही गेली. डिफेन्सही आदल्या वर्षीइतका अभेद्य नव्हता. पाच पराभवांपैकी तीन, आयोवा स्टेटशी 20-19, यूसीएलएशी 20-17 आणि मिझुरीशी 27-24, शेवटपर्यंत हातात होते. एकाही सामन्यात शून्य नाही. 2021 ते 2023च्या डिफेन्सला 2024चा ऑफेन्स मिळाला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला जास्त त्रास होतो. जॅक कॅम्पबेल, रायली मॉस, कूपर डीजीन ही डिफेन्सची पिढी एका कॉलेजला पुन्हा पुन्हा मिळत नाही. डीजीनने फेब्रुवारी 2025मध्ये सुपर बोलमध्ये समोरच्या संघाच्या पॅट्रिक महोम्सचा पास हिसकावून टचडाउन केलं. इथे तो असे पास हिसकावायचा, आणि ऑफेन्स तीन प्रयत्नांत चेंडू परत टोरी टेलरकडे द्यायचा.

कर्क फेरेंट्झ यांनी सप्टेंबर 2025मध्ये वुडी हेझ यांना मागे टाकून बिग टेनमधल्या प्रशिक्षकांत सर्वाधिक विजयांचा विक्रम केला. 206 विजय. त्यांचा पुतळा उभारायचा असेल तर वर्गणी मी आधी देईन. पण 2021 ते 2023 ही वर्षं त्यांनी आणि विद्यापीठाने मिळून वाया घालवली, हे माझं मत त्याने बदलत नाही.

ज्यांना हे पटलं नसेल त्यांनी पुढच्या अंकात जरूर उत्तर लिहावं. अट एकच: सुरुवात "पण दहा जिंकले" या वाक्याने करू नये.