दलाल नेमका कोणाचा?

घरखरेदी हा पगारदार माणसाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा व्यवहार. वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन तो केला जातो. परंतु तो जुळवून देणाऱ्या दलालाशी आपली ओळख पंधरा दिवसांचीही नसते. मुंबई-पुण्यात जुन्या सदनिकेच्या व्यवहारात हा गृहस्थ बहुधा घेणाऱ्याकडून आणि विकणाऱ्याकडूनही एक ते दोन टक्के घेतो. एकाच वकिलाने वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही वकीलपत्र घेतलेले आपण खपवून घेणार नाही. घराच्या बाबतीत मात्र ती रूढीच होऊन बसली आहे.

या रूढीमागील गणित साधे आहे. ६० लाखांच्या सदनिकेवर दोन टक्क्यांनी विक्रेत्याकडून १ लाख २० हजार मिळतात. महिनाभर थांबून आणखी १ लाख मिळण्याजोगे असले, तरी त्यातील ९८ हजार विक्रेत्याचे आणि अवघे २ हजार दलालाचे. तो थांबेल कशाला? "साहेब, गिऱ्हाईक हातचे जाईल," हा त्याचा सल्ला या दोन हजारांच्या हिशेबातून येतो. खरेदीदारासाठी किंमत पाडून घेण्यातही त्याला लाभ नाही, उलट थोडी तूटच आहे. सौदा लवकर उरकणे, एवढेच त्याचे हित.

हा केवळ तर्क नव्हे. लेव्हिट आणि सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे १ लाख घरविक्रींचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. दलालांची स्वतःची घरे इतरांच्या तशाच घरांपेक्षा नऊ-दहा दिवस अधिक काळ बाजारात राहिली आणि सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीस गेली. स्वतःसाठी थांबण्याचा धीर त्यांच्यापाशी होता.

आपल्याकडे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांना नोंदणी सक्तीची केली. ती न करणाऱ्यास दररोज १० हजार, आणि एकूण मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. 'महारेरा'ने २०२३ मध्ये प्रशिक्षण व परीक्षेचीही अट घातली. हे स्वागतार्ह आहे. परंतु ही नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पांतील व्यवहारांना. निवृत्त शिक्षकाने आपली तीस वर्षांची जुनी सदनिका विकावयास काढली, तर तो या छत्राखाली येत नाही. नव्या प्रकल्पात दलाली बहुधा बिल्डर देतो आणि खरेदीदार समजतो की आपले काम फुकट झाले! पैसे ज्याचे, त्याची बाजू, एवढे व्यवहारज्ञान आपण भाजी घेतानाही दाखवितो.

दलाल निरुपयोगी आहेत असे मुळीच नाही. कागदपत्रे जमविणे, सोसायटीच्या नाकदुऱ्या काढणे, दोन अविश्वासी माणसांना एका टेबलाशी बसविणे हे कष्टाचे काम आहे. प्रश्न त्याच्या मेहनतान्याचा नसून तो कोणातर्फे बोलतो हा आहे. १८७२ च्या करार कायद्यात अभिकर्त्याची कर्तव्ये सांगितलेली आहेत. पण सारी बोलणी तोंडीच होत असतील तर तो कोणाचा अभिकर्ता हे सिद्ध कसे करावयाचे?

अमेरिकेत न्यायालयीन लढ्यानंतर ऑगस्ट २०२४ पासून घर दाखविण्यापूर्वीच खरेदीदाराशी लेखी करार करण्याचे बंधन तेथील दलालांच्या प्रमुख संघटनेने आपल्या सदस्यांवर घातले. आपल्याकडे एका पानाचा कागद पुरेल: दलाल कोणाचा, दलाली किती, दुसऱ्या पक्षाकडून तो काही घेणार काय. जुन्या घरांच्या विक्रीतही हा कागद दस्तनोंदणीच्या वेळी जोडणे सक्तीचे करावे. गिऱ्हाईक सही करीत नाही, अशी तक्रार दलाल करतील. पण टोकन रकमेच्या पावतीवर तेच गिऱ्हाईक आजही निमूटपणे सही करते.